पट्टीची वरची कड

गमबूट कुठे फाटतो, हे ताईला विचारावं. चवड्याच्या वर, पाऊल दुमडतं तिथं. माणूस उकिडवा बसला की तिथं घडी पडते, उठला की सुटते, दिवसातून शेकडो वेळा. रबर झालं म्हणून ते तरी किती सोसणार? सत्तावीस वर्षं ताई साच्यावर बूट चढवत होती. अॅल्युमिनियमच्या पायाला आधी कापडी अस्तर, त्यावर सोल्युशन लावून रबराचे तुकडे एकेक करून, मग हातातल्या छोट्या रुळानं दाबून दाबून आतली हवा बाहेर, आणि शेवटी भट्टी. इतक्या वर्षांत परत आलेले जुने बूट तिनं ढिगानं पाहिले होते आणि बहुतेक सगळे त्या घडीवरच गेलेले. शेवटी गेल्या वर्षी तिनं साहेबांना सरळ विचारलं, जिथं फाटतं तिथंच वरून एक जाड पट्टी का मारू नये?

साहेब म्हणजे कारखान्याचे व्यवस्थापक. माणूस वाईट नाही, पण कुठलीही गोष्ट कागदावर आल्याशिवाय त्यांना दिसत नाही. ते म्हणाले, "ताई, तुम्ही करून दाखवा, नाचरीवर चढवा, आकडा आणा. मग बोलू."

नाचरी म्हणजे बूट वाकवून बघायचं यंत्र. बुटाला चिमटा लावायचा, बटण दाबायचं, की बूट खालीवर नाचत राहतो आणि बाजूच्या खिडकीत आकडे पळत राहतात. ताईनं पट्टीचा बूट स्वतःच्या हातानं चढवला. चिमटा नेहमीच्या जागी नीट बसेना, पट्टीमुळं तिथं उंचवटा आला होता. मग तिनं तो पट्टीवरच घट्ट आवळला. तिथं पकड काय झकास बसली! बूट साठ हजार वेळा वाकला आणि त्याला ओरखडाही उठला नाही. ताईला आनंदानं रडू फुटायचं बाकी राहिलं.

पुढं काय विचारता! खोक्यांवर छापून आलं, मजबूत पट्टीचा बूट. दारातल्या फलकावर ताईचा फोटो लागला, डोळे मिटलेला, पण लागला. बाया तिला पट्टीताई म्हणायला लागल्या. सातवीत शाळा सुटलेल्या बाईनं असं काही करावं आणि ते पेटीवर छापून जगात जावं, तर चार दिवस पाय जमिनीवर राहणार नाहीतच. तिचे चांगले चार महिने राहिले नाहीत.

तिला या कारखान्यात आणलं होतं तिच्या थोरल्या भावानं, दादानं. दादा रबर मळायचा. दोन मोठ्या गरम रुळांमधून कच्चं रबर फिरवायचं, त्यात गंधक, काजळी आणि बाकीच्या पुड्या मापानं घालायच्या, असा एकेक घाणा. त्यातली एक तपकिरी पूड होती, तिला सगळे राखण म्हणत. राखण घातली नाही तर रबर दिसायला फर्स्टक्लास, पण उन्हावाऱ्यात वाकलं की तडकतं. पुड्या तोलण्याच्या बाबतीत दादा इतका काटेकोर, की त्याला नावच पडलं होतं तोळामासा. काट्यावर कणभर जास्त झालं तरी चिमटीनं काढायचा. बाया हसायच्या, "तोळामासांनी आज श्वास रोखून धरलाय बरं का, बोलू नका कुणी, पूड उडेल!"

पण गेल्या दोन वर्षांत दादा विसरायला लागला होता. काही फार नाही. भाजी आणायला जाऊन साबण घेऊन यायचा, चष्मा कपाळावर ठेवून घर पालथं घालायचा. अठ्ठावन्नाव्या वर्षी कोण विसरत नाही? घरात त्याची थट्टाच व्हायची आणि तोही हसायचा.

मग ते बूट परत आले.

चामडं कमावण्याच्या एका कारखान्यानं चाळीस जोड परत पाठवले. चार महिन्यांत सगळे चिरलेले. तिथली माणसं दिवसभर चुन्याच्या पाण्यात उकिडवी बसून कातडी खरडतात. एकाच्या बुटातून ते पाणी आत गेलं, त्याला बराच वेळ कळलं नाही, आणि संध्याकाळी बूट काढला तेव्हा पायमोज्याबरोबर कातडीही निघाली. पत्राबरोबर त्या पायाचा फोटो होता. साहेबांनी तो टेबलावर ठेवला आणि कुणी दुसऱ्यांदा बघितला नाही.

चाळीसच्या चाळीस जोड एकाच घाण्याचे निघाले. प्रत्येक बुटाच्या आत घाण्याचा आकडा ठोकलेला असतो, त्यावरून कळलं. एकच घाणा खराब, म्हणजे त्या दिवशी राखण घालायची राहिली. आणि घाणा कुणाचा? दादाचा. आता सांगा, याहून सोपं काही असतं का? ज्याच्या विसराळूपणाच्या गोष्टी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांनी मिटक्या मारत ऐकल्या होत्या, त्याच्याच डोक्यावर खापर फुटलं.

ताईनं त्यातला एक बूट हातात घेतला होता. घडीवर वाकवून पाहिला. चीर सरळ होती. राखण नसली की रबर कसं तडकतं ते तिनं पाहिलं होतं, भेगाळलेल्या टाचेसारखं, बारीक, सगळीकडे. ही चीर तशी नव्हती. ती पट्टीच्या वरच्या कडेला लागून, फूटपट्टी ठेवून ओढल्यासारखी गेली होती. दुसरा बूट घेतला, तिथंही तशीच. तिनं बूट ढिगात ठेवला, हात पुसले आणि स्वतःच्या जागेवर येऊन बसली.

हे तिनं कुणाला सांगितलं नाही. आपली ताई तशी खोटारडी नव्हे हो! तिनं मनाची समजूत घातली. कड जाड आहे म्हणून तिथं आधी चिरलं असेल, पण मुळात राखण नसेल म्हणूनच चिरलं असेल ना? साठ हजारांचा आकडा काय खोटा होता? आणि दादा विसरतोच की. विसरतो हे तर वहिनीच सांगते. असं घोळवत घोळवत तिनं ती सरळ चीर मनातून जवळजवळ पुसून टाकली. खरं सांगायचं तर तिला भीती वाटत होती, त्या पायाची आणि त्या फलकाची. कुठली जास्त, ते तिचं तिला माहीत.

साहेबांनी दादाला तीनदा बोलावलं. पहिल्यांदा तो म्हणाला, "छे हो साहेब! राखण घातल्याशिवाय मी रुळाला हात लावत नाही. पाटीवरची खूण वहीत उतरलीय बघा." खूण होतीच. पण दादा पूड तोलली की खूण करायचा आणि मग ती घालायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. दुसऱ्यांदा साहेब म्हणाले, "नीट आठवून बघा. चार महिने झाले, माणूस आहे, होतं." दादा आठवत बसला. तिसऱ्यांदा तो साहेबांसमोर खाली मान घालून म्हणाला, "राहिली असेल."

त्याला रुळांवरून काढून पेट्या बांधायला बसवलं. कुणी वाईट बोललं नाही. उलट जो तो त्याच्याशी हळू आवाजात बोलायला लागला, आजाऱ्याशी बोलतात तसं. ताई जेवणाच्या सुट्टीत त्याच्याजवळ जाऊन बसायची. त्याच्या डब्यात आपल्यातलं वाढायची. तो म्हणायचा, "चिमे, त्या माणसाचा पाय गं..." चिमे हे तिचं घरातलं नाव. ती म्हणायची, "जेव रे दादा." आणि मूग गिळून बसायची.

आठव्या दिवशी वहिनी आली. भर दुपारी, कारखान्याच्या फाटकाशी. इतक्या वर्षांत कधी आली नव्हती, म्हणून ताई हातातला रूळ तसाच घेऊन धावली.

"वन्सं, तुम्ही यांच्याशी बोला," वहिनी म्हणाली. "आधी विसरायचे तर मी हसायचे. आता विसरत नाहीत, वन्सं. आता घाबरतात. कुलूप लावलं की चार वेळा माघारी येतात. जेवून उठले की मला विचारतात, मी जेवलो ना? काल म्हणाले, मला आता सगळं आठवतंय, राखणीची पुडी काट्याशेजारी तशीच पडली होती, मी बघितली आणि पुढं गेलो."

"असं म्हणाला?"

"हो. पुडीची गाठसुद्धा सांगितली. निळा दोरा होता म्हणाले."

राखण पुडीत येतच नाही. ती पत्र्याच्या डब्यातून पळीनं काढून काट्यावर घेतात, दोऱ्याचा संबंधच काय! तीस वर्षं तो डबा दादानंच उघडला होता. जे घडलंच नव्हतं ते त्याला आठवायला लागलं होतं, कारण सगळ्यांनी सांगितलं होतं की ते घडलंय, आणि जिला खरं दिसलं होतं ती शेजारी बसून त्याला भाजी वाढत होती.

"वहिनी, तुम्ही घरी जा," ती म्हणाली. "माझं चुकलंय. मी बघते."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आधी गोदामात गेली. त्याच घाण्यातून लहान मापाचे बूटही निघाले होते, पोरांचे. त्यांना पट्टी नसते. त्यातले दहा जोड शिल्लक होते. गेले चार महिने ते पत्र्याच्या छपराखाली उन्हानं तापत पडले होते. राखण नसती तर एव्हाना त्यांच्या घड्या भेगाळायला हव्या होत्या. ताईनं एकेक बूट उलटासुलटा वाकवला. मऊ, लोण्यासारखे. मग तिनं त्याच घाण्याचा एक मोठा, पट्टीचा, न वापरलेला बूट घेतला आणि नाचरीवर चढवला. चिमटा पुन्हा पट्टीवरच बसायला लागला. ती थांबली.

पट्टीवर चिमटा आवळला, तर पट्टी आणि तिची कड वाकणार कशी? त्या दिवशी साठ हजार वेळा वाकला होता तो वरचा मऊ भाग. ज्या कडेला जोर यायचा, ती तर तिनं स्वतःच्या हातानं चिमट्यात धरून ठेवली होती! ताई तिथंच स्टुलावर बसली आणि स्वतःच्या तोंडात मारून घेतली, खरोखरची. मग उठली, चिमटा काढून नेहमीच्या जागी, चवड्याच्या टोकाला लावला, लाकडाची पाचर ठोकून घट्ट केला आणि बटण दाबलं.

अकरा हजारांवर कडेला पांढरी रेघ आली. चौदा हजारांवर रेघेचं तोंड उघडलं. एकोणीस हजारांवर आतलं अस्तर दिसायला लागलं. जेवणाची घंटासुद्धा झाली नव्हती. तिनं यंत्र बंद केलं, एका हातात तो बूट आणि दुसऱ्या हातात पोराचा बूट घेऊन साहेबांच्या खोलीत गेली.

साहेबांनी ऐकून घेतलं आणि सुस्कारा टाकला. "ताई, भाऊ आहेत तुमचे. मी समजू शकतो."

"काही समजत नाही तुम्हाला," ताई म्हणाली. आवाज चढला होता. "मी भावाला वाचवायला आले नाही. त्यानं काही केलंच नाही तर वाचवायचं कशातून? नाचरीपाशी चला. दुसरा बूट चढवा, तिसरा चढवा. वाटेल त्या घाण्याचा चढवा. दादानं मळलेला नको असेल तर त्याच्या सुट्टीतला चढवा. तिथंच फाटणार."

साहेबांनी तसंच केलं, दादाच्या सुट्टीतला घाणा शोधून. दुपारी तोही फाटला, त्याच कडेला. साहेबांनी बूट काढून हातात घेतला.

"म्हणजे सगळेच जाणार," ते म्हणाले. "आज ना उद्या."

"हो. ते चामड्याच्या कारखान्यातले जास्त वाकतात, म्हणून त्यांचे आधी गेले. आणि त्यांचा माल एकाच खेपेत गेला होता, म्हणून सगळे एका घाण्याचे निघाले."

"हे तुम्हाला कधी कळलं?"

इथं ती 'आज' म्हणू शकली असती. कोण विचारायला बसलं होतं! पण तिनं मान वर केली. "कळायला पाहिजे होतं ते बूट आले त्या दिवशीच. चीर बघितली होती मी. बोलले नाही."

साहेबांनी मान हलवली आणि लिहायला कागद पुढं ओढला. दुकानदारांना पत्रं गेली, पट्टीचे बूट विकू नका, विकलेले मागवून घ्या. त्या जखमी माणसालाही पत्र गेलं. ते साहेबांनी लिहिलं, पण खाली ताईनं सही केली, तिच्या हट्टानं. फलकावरचा फोटो तिनं स्वतः काढला. मग रोज शिफ्ट संपल्यावर बसून तिनं पट्टीची कड सुरीनं छिलायला घेतली. मधे जाड, कडेला जाता जाता इतकी पातळ की बोटाला कळू नये कुठं पट्टी संपली आणि कुठं बूट सुरू झाला. पाचवा नमुना नाचरीवर, नीट जागी चिमटा लावून, सत्तर हजारांवर गेला तरी शाबूत होता. बाया टाळ्या वाजवायला आल्या. ताई म्हणाली, "वाजवू नका गं. उद्या परत चढवते."

आणि दादा? दादाला तिनं साहेबांकडे गेली त्याच दिवशी संध्याकाळी घरी जाऊन सगळं सांगितलं होतं. पोरांचे बूट, चिमटा, कड, आणि आपण आठ दिवस तोंड शिवून बसलो तेही. दादानं शांतपणे ऐकलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. "लहानपणापासून अशीच आहेस. माझ्या वाटचा मारही तूच खायचीस."

"अरे दादा, मी स्वतःवर घेत नाहीये! खरंच माझंच आहे!"

"बरं, बरं," दादा म्हणाला. "पण दोरा निळाच होता गं."

साहेबांनी त्याला सन्मानानं परत बोलावलं. सगळ्यांसमोर माफी मागितली, हेही खरं. सोमवारी दादा पुन्हा रुळांपाशी उभा राहिला. ताई मुद्दाम त्याच्याजवळ थांबली, नव्या पट्टीसाठी मऊ रबराचा घाणा हवा होता. दादानं डबा उघडला, पळी घातली, काट्यावर पूड घेतली. तोलली. परत तोलली. तिसऱ्यांदा तोलली. पाटीवर खूण केली, पुसली, पुन्हा केली. रबर रुळांतून फिरत होतं. बायांपैकी कुणी थट्टा केली नाही. तेवढ्यात कुणीतरी ताईला सोल्युशनचा डबा कुठाय म्हणून हाक मारली, आणि तिनं मान वळवून हातानं दाखवलं. एवढंच. परत बघितलं तर काटा रिकामा होता आणि दादा तिच्याकडे बघत होता.

"चिमे, घातली ना मी?"

हो म्हणावं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. एक हो, काय जातंय! त्याचा जीव भांड्यात पडला असता. पण हा बूट कुणाच्या तरी पायात जाणार होता, आणि बघितलं नसताना बघितलं म्हणायचं, तर बघितलं असताना गप्प बसलो त्यात आणि यात फरक काय?

"मी बघितलं नाही, दादा," ती म्हणाली. "थांब, डबा तोलून बघू. किती कमी झालीय ते कळेल."

दादानं मान हलवली. त्यानं यंत्र बंद केलं, कमरेचा एप्रन सोडला, नीट घडी घालून काट्याशेजारी ठेवला आणि कुणाला काही न सांगता बाहेर पडला.

ताईनं डबा उचलून मोठ्या काट्यावर ठेवला. सकाळचं वजन पाटीवर होतं, त्यातून एका घाण्याचं वजा केलं. बरोबर. कणभर इकडे नाही की तिकडे नाही. ती तशीच पळत सुटली, फाटकाबाहेर, रस्त्याच्या वळणापर्यंत, आणि दादाची बाही धरली.

"घातली होतीस!" तिला धाप लागली होती. "दादा, घातली होतीस रे! तोलून बघितलं मी. बिनचूक घातलीस. चल परत."

दादा थांबला. त्याच्या चेहऱ्यावर खरोखरचं समाधान दिसलं, क्षणभर. त्यानं तिची बोटं हळूच बाहीवरून सोडवली.

"बरं झालं," तो म्हणाला. "पण ते तुला कळलं, चिमे. मला नाही कळलं."